'स्वर्गाचे राज्य': घोटाळा 'चे'मध्ये आहे

प्रश्न असा आहे: मराठी बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणाऱ्या लेखकांपैकी मत्तय 'स्वर्गाचे राज्य' म्हणतो आणि मार्क-लूक 'देवाचे राज्य' म्हणतात. ही दोन वेगळी राज्ये आहेत का? आणि 'स्वर्गाचे राज्य' म्हणजे माणूस मेल्यावर जातो तो स्वर्गच ना?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: राज्य एकच. मत्तय १९:२३ मध्ये श्रीमंताला 'स्वर्गाच्या राज्यात' शिरणं कठीण आहे असं म्हटलंय, आणि लगेच पुढच्या, उंट आणि सुईच्या नाकाच्या वचनात तेच 'देवाचे राज्य' होतं. मत्तय ४:१७ आणि मार्क १:१५ शेजारी ठेवून वाचा. घोषणेचा गाभा तोच, राज्याच्या नावात मात्र हा एक शब्द बदललेला.

'स्वर्गाचे राज्य' हा प्रयोग नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, एकट्या मत्तयाचा, ३२ वेळा आलेला. ज्यूंमध्ये देवाऐवजी 'स्वर्ग' म्हणायची रीत होती, आणि हिब्रूत 'मल्खुत शामायिम' (स्वर्गाचे राज्य) हा शब्दप्रयोगही आहे. लूकने दिलेल्या येशूच्या दृष्टांतातला उधळ्या मुलगा बापाला म्हणतो, मी स्वर्गाविरुद्ध पाप केलं. तिथेही स्वर्ग म्हणजे देवच. आपण 'वरचा बघतोय' म्हणतो तेव्हा 'वरचा' कोण हे सांगावं लागत नाही, तसंच हे. पण केवळ देवाचं नाव टाळण्यासाठी मत्तयाने असं लिहिलं, एवढ्यावर थांबू नये. कारण एरवी तो 'देव' हा शब्द बिनदिक्कत वापरतो. त्याच्या लिखाणात स्वर्ग आणि पृथ्वी ही जोडी सतत समोरासमोर येते. पृथ्वीवरच्या राजांची सत्ता एक, वरून येणारी सत्ता दुसरी, हा फरक त्याला जागता ठेवायचा आहे.

दुसरा प्रश्न खरा अवघड आहे, आणि त्याची गाठ मराठी षष्ठीत आहे. 'साताऱ्याचे राज्य' म्हटलं की 'चे' ठिकाण सांगतो. 'कायद्याचे राज्य' म्हटलं की 'चे' सांगतो सत्ता कोणाची चालते ते. 'स्वर्गाचे राज्य' आपण साताऱ्यासारखं वाचतो. ते कायद्यासारखं वाचायला हवं. मूळ ग्रीक शब्द 'बासिलेइया'. त्यात राजाचा मुलूख हा अर्थ आहेच, पण आधी येतं ते राजेपण, राज्य करणं. म्हणून 'स्वर्गातील राज्य' असा उलगडा केला की अर्थ घसरतो. 'स्वर्गीय राज्य'ही टाळावं, कारण मराठीत 'स्वर्गीय' म्हटलं की एक तर अतिसुंदर, नाही तर दिवंगत.

पडताळा घेण्याची एक युक्ती आहे. वचनात आधी 'मरणोत्तर स्वर्ग' घालून पाहा, मग 'देवाची सत्ता'. मत्तय १३:३३ मध्ये एक बाई तीन मापं पिठात खमीर मिसळते. हे पीठ थोडंथोडकं नाही, जवळजवळ चाळीस लिटर भरेल एवढं. चिमूटभर खमीर ते सगळं आतून फुगवतं. मरणोत्तर स्वर्ग पिठात कसा मिसळणार? देवाची सत्ता मात्र अशी आतून पसरू शकते. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही 'तुझे राज्य येवो' आहे, 'आम्ही तिकडे जावो' नाही. आणि पुढच्याच मागणीत 'पृथ्वीवरही' हा शब्द आहे.

तरी ही युक्ती सरसकट चालत नाही. 'राज्यात प्रवेश करणे' हा प्रयोगही मत्तयात वारंवार येतो, आणि तिथे आत-बाहेर, दार, मेजवानी या जागेच्या कल्पना जिवंत आहेत. काळाचंही तसंच. पाचव्या अध्यायातली धन्यवचनं ('धन्य ते...' अशी सुरू होणारी) बघा: ३ आणि १० या वचनांत स्वर्गाचं राज्य त्यांचं 'आहे', वर्तमानकाळ, मधल्या ४ ते ९ मध्ये सांत्वन मिळेल, दया मिळेल, असा भविष्यकाळ. आलेलं आहे आणि पूर्ण यायचंही आहे, हे दोन्ही ख्रिस्ती श्रद्धेत एकत्र धरतात. भाषांतरात यातला कुठलाही काळ 'दुरुस्त' करू नये.

'स्वर्ग' शब्दाचं ओझंही लक्षात ठेवायला हवं. गीतेत (९:२१) पुण्य सरलं की माणूस स्वर्गातून मर्त्यलोकी परततो. मत्तयाच्या राज्यात पुण्याची शिल्लक संपून परतण्याची कल्पना नाही. विसाव्या अध्यायात तर शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही दिवसभर राबलेल्याइतकीच मजुरी मिळते. शब्द तोच, हिशेब निराळा. गोव्यात १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्यात फादर स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द घेतला, तेव्हाही ही अडचण होतीच.

मला सगळ्यांत नेमका वाटतो तो ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा शब्द. १९१७ साली साताऱ्यात त्यांनी येशूच्या अनुयायांचा बंधुसंघ उभारला, बाप्तिस्मा घेतलेल्यांचा आणि न घेतलेल्यांचाही, आणि त्याला नाव दिलं 'देवाचा दरबार'. दरबार राजाभोवती भरतो. राजा जिथे बसेल तिथे.