भूक मारणारी गोळी आणि रिकामा डबा

“जेवण जास्त जातं म्हणून कुणी नशेचं औषध देतं का हो? जीभ आवरायची, दुसरं काय!”

मेधाताईंचा हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे बरेचदा येतो. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यांची 29 वर्षांची मुलगी न्यू जर्सीत नोकरी करते. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी तिला व्हायव्हान्स सुरू केलं होतं. मूळ औषध लिसडेक्सॲम्फेटामिन, एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांसाठी, दिलं जाणारं. मेधाताईंनी इंटरनेटवर शोधलं, ‘ॲम्फेटामिन’ आणि ‘व्यसनाचा धोका’ एवढंच वाचलं आणि झोप उडाली.

आधी ‘जीभ आवरायची’ याबद्दल बोलणं भाग होतं. मागच्या दिवाळीत यांनी पाठवलेला फराळ, मैत्रिणींच्या वाट्यासकट, मुलीने एका रात्रीत संपवला होता. फोनवर तिने ते सांगितलं, तेव्हा आईला वाटलं, चकल्या फर्मास झाल्या असणार! प्रत्यक्षात भूक नव्हती, चवही कळत नव्हती, हात थांबत नव्हता; आणि नंतर स्वतःची किळस. असं आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने होत राहिलं आणि त्यानंतर मुद्दाम उलट्या, जुलाबाची औषधं असे प्रकार नसले, तर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 2013 पासून तो स्वतंत्र आजार आहे. मुलीचा संयम कमी पडला, असा त्याचा अर्थ नाही.

आता गोळीबद्दल. मी डॉक्टर नाही, औषधं लिहून देत नाही. पण पालकांच्या मनातली भीती उलगडावी लागतेच. अमेरिकेत हे औषध 2007 मध्ये एडीएचडीसाठी आणि जानेवारी 2015 मध्ये प्रौढांमधल्या मध्यम ते तीव्र बिंज ईटिंगसाठी मंजूर झालं. ते मेंदूतली डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं वाढवतं; त्यामुळे खाण्याची उबळ रोखणं जमतं, असं मानलं जातं. शरीरात गेल्यावर त्याचं हळूहळू डेक्सॲम्फेटामिन होतं. व्यसनाचा धोका खरा आहे, म्हणूनच तिथे त्यावर कडक नियंत्रण असतं आणि त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध मिळत नाही. सुरू करण्याआधी रक्तदाब, हृदयाचे आजार, घरात कुणाचा अचानक मृत्यू झालाय का, पूर्वी कसलं व्यसन होतं का, हे विचारतात. मुलीला हे सगळं विचारलं होतं. नेमून दिलेल्या डोसमध्ये, देखरेखीखाली ती औषध घेत होती. याला नशा म्हणणं तिच्यावर अन्याय आहे, हे मी मेधाताईंना स्पष्ट सांगितलं.

त्यांचा जीव भांड्यात पडला. आणि मग सहज म्हणाल्या, “तसं एक बरं झालं, सात किलो उतरली. आता स्थळं बघायला हरकत नाही.”

मला खरी काळजी इथे वाटली. मुलीची तयारी आहे का हे विचारून तिला व्हिडिओ कॉलवर घेतलं. सकाळी आठला गोळी. मग भूकच नाही, म्हणून नाश्ता नाही. दुपारचा डबा तसाच परत. दिवसभर कॉफी. रात्री गोळीचा जोर ओसरला की स्वयंपाकघर. पूर्वी आठवड्यातून चार वेळा व्हायचं ते एकदाच व्हायला लागलं होतं, म्हणजे औषध लागू पडत होतं. पण उरलेली ती एक वेळ उपाशी दिवसाच्या शेवटीच येत होती. डॉक्टरांना तिने हे सांगितलं नव्हतं. डोस कमी केला तर वजन परत वाढेल, आणि आई तर रोज कौतुक करतेय!

हे औषध वजन कमी करण्यासाठी नाही, असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. बारीक होण्यासाठी ॲम्फेटामिन गिळण्याचा प्रयोग अमेरिकेने गेल्या शतकात करून झाला, त्याची किंमतही मोजून झाली. आपल्याकडेही सिबुट्रामिन नावाची भूक मारणारी गोळी विकली जायची. हृदयाच्या धोक्यामुळे 2011 मध्ये तिच्यावर बंदी आली.

याच ओघात सांगते. भावाची एडीएचडीची मेथिलफेनिडेटची गोळी बहिणीला देऊन बघू का, असं विचारणारे पालक मला भेटलेत. अजिबात नको. मुलगी खाणंच टाळत असेल, म्हणजे ॲनोरेक्सिया असेल, तर भूक मारणारं औषध आगीत तेल ओतेल. उलट्या करत असेल तर पोटॅशियम आधीच खाली गेलेलं असू शकतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यात उत्तेजक औषध! आजार कोणता, हे मानसोपचारतज्ज्ञाने ठरवल्याशिवाय पुढचं पाऊलच नाही.

मुलीने पुढच्या भेटीत डॉक्टरांना सगळं सांगितलं. डोस तोच राहिला. पण गोळीआधी नाश्ता, आणि भूक असो-नसो दुपारी घड्याळ लावून जेवण, असं ठरलं. सोबत सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी थेरपी, सुरू झाली, जी खरं तर पहिल्या दिवसापासून हवी होती. मेधाताईंना मी एकच काम दिलं: वजनाचा विषय काढायचा नाही, कौतुकानेसुद्धा. त्यांना ते पथ्य भलतंच जड गेलं. मधे एकदा “चेहरा किती छान दिसतोय” असं म्हणून त्यांनी पळवाट शोधलीच.

“मग ही गोळी जन्मभर का?” हा त्यांचा शेवटचा प्रश्न. एका चाचणीत गोळीने बरं वाटलेल्यांपैकी काहींची गोळी चालू ठेवली, काहींना नकळत नकली गोळी दिली. 26 आठवड्यांत नकली गोळीवाल्यांपैकी साधारण 32 टक्क्यांचा आजार उलटला, खरी घेणाऱ्यांपैकी जेमतेम 4 टक्क्यांचा. म्हणजे मनाने बंद करण्यात धोका आहे. पण नकली गोळीवरही दोन तृतीयांश जणांचा आजार त्या काळात उलटला नाही, हेही तितकंच खरं. मुलीच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांनी फेरविचार करायचं ठरवलंय. तोवर रोजचा डबा रिकामा झाला की नाही, याची नोंद ती स्वतःच ठेवते आणि थेट थेरपिस्टला दाखवते, आईला नाही.