थरच्या वाळवंटात वादळं बघायला पहिल्यांदाच जाताय?

ऐरोलीहून मे अखेरीस जैसलमेरला निघालात, फार छान! सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळा.

पहिलं पाणी. आपल्याकडे ठाण्यात घाम अंगाला चिकटतो, म्हणून उकाडा कळतो. तिथल्या कोरड्या हवेत घाम आला तसा उडतो. शर्ट कोरडाठाक, अंगातलं पाणी मात्र चाललेलं. तहानेची वाट बघू नका, ओआरएस जवळ ठेवा. राजस्थानातल्याच फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेलेत, तेव्हा भर दुपारी बाहेर पडायचं नाही म्हणजे नाही.

दुसरं, नवखे हमखास चुकतात ते इथे. ढगाखाली पावसाच्या झालरी लोंबतात, पण थेंब जमिनीपर्यंत पोचत नाही. वाटतं, वादळ फुसकं निघालं. खरा धोका तेव्हाच असतो! पाऊस वाटेतच विरतो, त्याने हवा थंड आणि जड होऊन जोरात खाली आदळते, चौफेर धूळ उसळवते. क्षितिजावर तपकिरी भिंत दिसली की फोटोचा मोह सोडा. गाडी रस्त्यापासून लांब उभी करा आणि दिवे बंद ठेवा, नाहीतर मागचा माणूस तुमच्या दिव्यांच्या रोखाने येऊन धडकतो.

तिसरं, वीज. गडगडाट ऐकू आला की बंद गाडीत किंवा पक्क्या घरात शिरा. एकट्या खेजडीच्या झाडाखाली आसरा घेऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच थांबा.

रडार, उपग्रहचित्रं सध्या राहू द्या. रोज सकाळी हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा वाचलात तरी पहिल्या खेपेला पुरे. आणि हो, गॉगल डोळ्यांना चहूबाजूंनी घट्ट बसणारा घ्या.