बोक्याला घरी सलाईन: मानगुटीची घडी, पिवळी सुई आणि बाटलीचं वजन

प्रश्न : आमचा बोका 13 वर्षांचा, वजन 3.8 किलो. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) 4.1 आलंय. डॉक्टरांनी रोज 100 मिली आर.एल. (रिंगर लॅक्टेट सलाईन) कातडीखाली द्यायला सांगितलं आणि दवाखान्यात एकदा करून दाखवलं. घरी पहिल्या दिवशी अर्धं सलाईन त्याच्या केसांवरच सांडलं. दुसऱ्या दिवशी छातीखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. घाबरून आम्ही थांबवलंय. चुकतंय कुठं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पिशवी लोंबली त्या दिवशी तुमचं बरोबर झालं होतं. कातडीखाली सोडलेलं पाणी उताराला लागतं, छातीखाली किंवा पुढच्या एका पायात उतरतं आणि साधारण सहा-आठ तासांत, फार तर बारा तासांत जिरतं. दुसऱ्या दिवशी सलाईनच्या वेळी पिशवी तशीच हाताला लागली, तर मात्र नवीन देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. रक्ताभिसरण मंदावलं असेल किंवा अंगात आधीच पाणी जास्त झालं असेल, तर ते जिरत नाही.

4.1 म्हणजे किडनीच्या आजाराची तिसरी पायरी (2.9 ते 5). या टप्प्यावर किडनीला लघवी घट्ट करता येत नाही. बोका पाण्याच्या भांड्याशी बसून असतो, तरी बाहेर जाणारं पाणी भरून निघत नाही. अंग सुकतं, मळमळ वाढते, जेवण सुटतं. सलाईनने किडनी दुरुस्त होत नाही, ही तूट तेवढी भरून निघते. म्हणून ते मनाने बंद करू नका. दोन दिवस चुकले असतील तर डॉक्टरांना तसं सांगा, पण भरपाई म्हणून एकदम 200 मिली देऊ नका.

आता सांडण्याचं. बहुतेक वेळा सुई कातडीच्या घडीत एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, किंवा टोक अर्धवटच आत जातं. दोन्ही खांद्यांच्या मधली कातडी अंगठा आणि दोन बोटांनी वर उचला, म्हणजे तंबूसारखी घडी होते. सुई वरून खाली खुपसायची नाही. घडीच्या पायथ्याशी, पाठीच्या कण्याला समांतर, उघडं तोंड वर ठेवून एका दमात आत सरकवायची. हळूहळू ढकललं की जास्त दुखतं. घडीच्या पलीकडच्या बाजूला बोट फिरवून ओलं लागत नाही ना, ते बघा. थेंब पडायचे थांबले, तर सुई थोडी मागे घ्या किंवा जराशी फिरवा. टोक आतून कातडीला टेकलेलं असतं.

सुई 18 नंबरची (गुलाबी) किंवा 20 नंबरची (पिवळी) घ्या. बारीक सुई मायेपोटी घेतली जाते, पण 100 मिली जायला वेळ लागतो आणि बोका तेवढा वेळ बसत नाही. दर वेळी सुई नवीन. एकदा वापरलेली बोथट होते, आणि जंतू जातात ते वेगळंच.

बाटलीवर ‘रिंगर लॅक्टेट’ हेच नाव वाचा. डेक्स्ट्रोज आणि डीएनएसच्या बाटल्या दिसायला अगदी तशाच असतात, पण साखरेचं पाणी कातडीखाली चालत नाही. ते आजूबाजूचं पाणी ओढून घेतं आणि गळू होण्याचा धोका वाढतो. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवा आणि दोन थेंब मनगटावर टाकून बघा, गरम लागता कामा नये. मायक्रोवेव्ह नको. गार सलाईन सुईपेक्षाही जास्त झोंबतं, आणि पुष्कळ मांजरं उठून पळतात ती त्याच कारणाने. नळीतली हवा आधी काढून टाका. बाटली पडद्याच्या दांडीला, बोक्यापेक्षा तीन-चार फूट वर टांगा. अर्ध्यात धार मंदावली, तर नळीच्या बाटलीत खुपसलेल्या टोकाजवळचं हवेचं छोटं टोपण उघडलंय का ते पाहा.

किती गेलं हे बाटलीवरच्या रेघांवरून नीट कळत नाही. सुरू करण्यापूर्वी आत्ताच्या पातळीपासून 100 मिली खाली स्केच पेनने रेघ मारा आणि नळीसकट बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. नंतर पुन्हा ठेवा. एक मिली म्हणजे जवळपास एक ग्रॅम. 60 ग्रॅमच कमी झालं असेल आणि सांडलं नसेल, तर 60 मिली गेलं. तेवढंच वहीत लिहा, अंदाजाने 100 लिहू नका. पुढच्या तपासणीत डॉक्टर त्याच आकड्यावरून मात्रा बदलतील.

सुई काढल्यावर ती जागा दहा सेकंद चिमटीत धरा. चार थेंब बाहेर आले, थोडे गुलाबी असले, तरी चालतं. सलाईनमध्ये जंतूंना अडवणारं काही नसतं. उघडलेली बाटली किती दिवस वापरायची ते डॉक्टरांना विचारा आणि गढूळ दिसली तर लगेच टाका. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून दवाखान्यात द्या. ओल्या कचऱ्यात टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते.

एक गोष्ट रोज करा: तो गाढ झोपला असताना एका मिनिटात छाती किती वेळा वर येते ते मोजा. 30च्या आत असावं. सतत त्यापुढे जाऊ लागलं तर सलाईन थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. तोंड उघडून श्वास घेत असेल तर रात्र असली तरी निघा. मांजरांचा हृदयविकार पुष्कळदा लपलेला असतो आणि जादा पाणी फुप्फुसाशी साचतं.

प्रश्न : मांजरीला किडनीचाच त्रास आहे, दोन दिवस नीट जेवली नाही. सिरिंजने दूधभात भरवू का? अंगही गरम लागतंय. लहान मुलांचं तापाचं औषध थोडं दिलं तर?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तापाचं औषध अजिबात नको. पॅरासिटामॉलचा थोडा अंशही मांजराचा जीव घेतो. ते निकामी करणारी यंत्रणा त्यांच्या यकृतात फार तोकडी असते. रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं. चुकून दिलं गेलं असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही तितकीच घातक, त्यातून किडनी आधीच आजारी. आणि मांजराचं अंग आपल्या हाताला गरमच लागतं, कारण त्यांचं नेहमीचं तापमानच 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं.

दोन दिवस उपाशी हे मात्र गंभीर आहे, आजच डॉक्टरांशी बोला. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि एका आजाराचे दोन होतात. ती वाटीशी येते, वास घेते, ओठ चाटते आणि तोंड फिरवते, असं होतंय का? ती मळमळ आहे. अशा वेळी जबरदस्तीने भरवलं तर ती त्या अन्नाचा कायमचा धसका घेते. आधी मळमळीचं औषध, मग जेवण. भूक वाढवणारी गोळीही असते, पण किडनीच्या मांजराला ती कमी वेळा देतात, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

डॉक्टरांनी भरवायला सांगितलंच, तर दूधभात नको. किडनीच्या आहाराची पेस्ट कोमट पाण्यात सैल करा. मान सरळ ठेवून, सुळ्यामागच्या फटीतून, गालाच्या बाजूने अर्धा ते एक मिली सोडा. गिळल्यावरच पुढचं. डोकं मागे वाकवलं की अन्न श्वासनलिकेत जातं. अन्नातला फॉस्फरस बांधणारं औषध दिलं असेल तर ते जेवणात मिसळूनच द्या, रिकाम्या पोटी त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : 14 वर्षांची लॅब्रॅडॉर उठत नाही. कंबरेवर जखम झाली आहे, वास येतोय. कुठवर करत राहायचं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वास येतोय तर आजच डॉक्टरांना बोलवा. पावसाळ्यात माशीने घातलेल्या अंड्यांतून दिवसभरात किडे निघतात, आणि वरून दिसणाऱ्या भोकापेक्षा आतली पोकळी मोठी असते. फिनेल किंवा रॉकेल ओतू नका, मांस जळतं. केस कापून, किडे काढून, आतून धुणं हे डॉक्टरांचं काम. नंतर जाड फोमची गादी, दर चार तासांनी कूस बदलणं आणि माशी बसू नये म्हणून मच्छरदाणी. लघवीने ओली झालेली चादर लगेच बदला. घरात मांजर असेल तर कुत्र्याचा परमेथ्रिनवाला गोचीड-स्प्रे वापरू नका, मांजराला तो विष आहे.

कुठवर, हे कॅलेंडरवर खूण करत ठरवा. जेवली का, तुम्हाला बघून शेपटी हलवली का, रात्री विव्हळली का. वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त होऊ लागले की दयामरणाचं डॉक्टरांशी स्पष्ट बोला. आधी गुंगीचं इंजेक्शन देणार का, घरी येणार का, ते विचारून ठेवा. घरच्यांनाही आधी सांगा: नंतर डोळे उघडेच राहतात, एखादा मोठा श्वास आल्यासारखं वाटतं, लघवी होते. तेव्हा तिला काही जाणवत नसतं. अंगाखाली एक जुना टॉवेल घालून ठेवा.