पालकाची नवी पानं पिवळी पडताहेत, नदीच्या पाण्यातल्या जड धातूंमुळे असेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या मांजरी गावाजवळ मुळा-मुठा नदीच्या पाण्यावर दहा गुंठे पालक आणि मेथी आहे, शेंड्याची पानं पिवळी पडताहेत, ही जड धातूंची बाधा आहे का, आणि घरात ही भाजी खावी का?

पिवळेपणाचं कारण बहुतेक धातू नसावं. पण म्हणून भाजी निर्धोक ठरत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

मी काही वर्षं माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली आणि माझं आजोळ याच नदीकाठच्या थेऊरकडचं. मामा म्हणायचे, "या पाण्याला खत लागत नाही, पिकाला काळोखी येते बघ." खरंच यायची, कारण नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्यात नत्र भरपूर. पाण्यात काही वाईट असतं तर पीक आधी जळालं असतं, असं त्यांना वाटायचं. तिथेच गफलत आहे.

आधी पिवळेपणा. नवं पान पिवळं पण शिरा हिरव्या, असं दिसतंय का? मग ती लोहाची कमतरता समजा. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीचा सामू (pH) 8 च्या आसपास असतो. लोह असतं, पण विरघळत नाही. एका वाफ्यावर 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) मिसळून फवारून बघा. आठवडाभरात हिरवेपणा आला तर कारण कळलं. नाही आला तर एक रोप उपटून मुळं पाहा. धातूंचा खरा मार बसला की मुळं आखूड, तपकिरी होतात, बारीक तंतुमुळं कमी दिसतात. जस्त, निकेल, कॅडमियम जास्त झालं तरी पान असंच पिवळं पडतं, म्हणून निव्वळ पानावरून निदान करू नये.

आता गंमत बघा. लोह कमी पडलं की पालक, मेथीसारखी रोपं मुळांवर लोह ओढणारी दारं वाढवतात. त्या दारांना लोह आणि कॅडमियम यांतला फरक नीट कळत नाही, त्यामुळे लोहाला भुकेलेलं रोप कॅडमियमही आत घेतं. आत आल्यावर रोप स्वतःचा बचाव करतं: गंधक असलेल्या छोट्या साखळ्या तयार करून धातू बांधतं आणि पेशीतल्या रिक्तिकेत (साठवणीच्या पिशवीत) कोंडतं. रोप सुखरूप, पान हिरवंगार. पण ती कोठी म्हणजे आपण खातो ते पानच! कोडेक्सची (अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची) मर्यादा पालेभाजीच्या एका किलोत 0.2 मिलिग्रॅम कॅडमियम अशी आहे. एवढ्याशा प्रमाणात पानावर काही म्हणजे काही दिसत नाही. शिजवल्याने धातू जात नाही.

जपानमध्ये जिंझू नदीकाठी हेच झालं. खाणीतलं कॅडमियम पाण्यातून भातात उतरलं, ते वर्षानुवर्षं पोटात गेलं आणि हाडं ठिसूळ झाली. आजाराचं नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. तिथल्या सरकारने 1968 साली कारण मान्य केलं. तुमच्या दहा गुंठ्यांत तेच चाललंय असं मी म्हणत नाही. तिथे खाण होती आणि रोजचा भात होता.

आपल्या बाजूने एक गोष्ट आहे. ज्या चुनखडीमुळे लोह अडकतं, तिच्यामुळेच शिसं आणि कॅडमियमही बऱ्यापैकी अडकून राहतं. शिसं तर रोपाच्या मुळांमध्येच थांबतं. पानावर सापडतं ते बहुतेक धुळीतून आलेलं, म्हणून भाजी तीन पाण्यांनी धुवा. प्लेटिंगच्या (धातूला मुलामा देण्याच्या) कामातलं विद्राव्य क्रोमियम मात्र चुन्याला जुमानत नाही.

नदीचा गाळ शेतात टाकत असाल तर आधी ते बंद करा. पाण्यातले धातू बहुतेक गाळालाच चिकटलेले असतात. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातल्या गाळाचंही तेच, फुकट मिळाला तरी नको.

तपासणीला देताना एवढं सांभाळा: नेहमीच्या माती परीक्षणात शिसं, कॅडमियम, क्रोमियम येत नाही, ते वेगळं मागावं लागतं. नमुना 20 सेंटीमीटर खोलीपर्यंतचा घ्या, लाकडी काडीने आणि प्लास्टिकच्या बादलीत. पत्र्याच्या घमेल्यात घेतलात तर घमेल्याचं जस्त अहवालात येईल (आमच्याकडे असे नमुने नेहमी यायचे). मातीबरोबर अर्धा किलो पालकही द्या, कारण मातीत किती आहे यापेक्षा पानात किती उतरलंय ते महत्त्वाचं.

अहवाल येईपर्यंत पालेभाजी विहिरीच्या पाण्यावर घ्या. नदीचं पाणी दोडका, गवार, भेंडी अशा फळभाज्यांना द्या. फळात पानापेक्षा धातू बरेच कमी उतरतात. कुजलेलं शेणखत भरपूर घाला, तेही धातू धरून ठेवतं. मोहरी लावून जमीन साफ करता येते असं कुणी सांगेल. येते, पण वर्षानुवर्षं लागतात, आणि तो पाला जनावरांना घालता येत नाही की खताच्या खड्ड्यात टाकता येत नाही. दहा गुंठ्यांसाठी मी त्या फंदात पडलो नसतो.