गिरगावातल्या जुन्या चाळीचा इतिहास शोधायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की गिरगावातली तुमची तीन मजली चाळ आता पुनर्विकासात पाडली जाणार आहे, ती कोणी आणि कधी बांधली हे चाळीत कोणालाच नीट सांगता येत नाही, तर शोध कुठे घ्यायचा. मी खेतवाडीतल्या एका इमारतीसाठी हे काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, चाळीचं नाव घेऊन कुठल्याही कचेरीत जाऊ नका. मालक बदलला की चाळीचं नाव बदलतं, आणि रस्त्यांची नावं तर आपल्या डोळ्यांदेखत बदललीत. सँडहर्स्ट रोडचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला, लॅमिंग्टन रोडचा डॉ. भडकमकर मार्ग, क्वीन्स रोडचा महर्षी कर्वे मार्ग. सरकारी कागद चालतो तो जमिनीच्या नंबरावर. तेव्हा आधी आपल्या जागेचा सी.एस. नंबर (कॅडस्ट्रल सर्व्हे, म्हणजे जमिनीच्या सरकारी मोजणीतला नंबर) आणि डिव्हिजन, म्हणजे त्या मोजणीतला विभाग, शोधा. पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत म्हणजे बिल्डरच्या किंवा आर्किटेक्टच्या कागदांवर तो नक्की असणार.

त्या नंबरावर शहर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. त्यावर बांधकामाचं वर्ष सापडेल अशी आशा मात्र धरू नका. पत्रक जमिनीचं असतं. जागा कोणाच्या नावावर होती, कुठल्या दस्ताने कोणाकडे गेली आणि धारणाप्रकार कोणता, म्हणजे ती कुठल्या हक्काने धरलेली आहे, हे त्यात कळतं. धारणाप्रकार नीट वाचा. 'फजंदारी' असेल तर जमिनीचा मालक एक आणि इमारतीचा मालक दुसरा असू शकतो, आणि मग बांधणाऱ्याचं नाव पत्रकावर दिसणारच नाही. 'आमच्या मालकांचं नाव कागदावर नाही' म्हणून लोक इथेच शोध सोडतात. सोडू नका.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे जुनं खरेदीखत किंवा गहाणखत. त्याचा मुख्य मजकूर एकवेळ नंतर वाचा, आधी शेवटचं परिशिष्ट उघडा. मुंबईच्या जुन्या दस्तांत तिथे नंबरांची अख्खी रांग असते: कलेक्टरचा जुना नंबर, नवा नंबर, जुना सर्व्हे, नवा सर्व्हे, लॉटन सर्व्हे, कॅडस्ट्रल सर्व्हे, वर पालिकेचा वॉर्ड नंबर आणि स्ट्रीट नंबर. एकाच तुकड्याला वेगवेगळ्या काळात दिलेले हे नंबर आहेत, आणि प्रत्येक नंबर वेगळ्या कपाटाची किल्ली आहे. कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात मुंबईची मोजणी केली. त्या नकाशांवर एकेक घर दिसतं. तुमच्या लॉटन नंबरावर तेव्हा वाडी आहे, झाडी आहे की बांधकाम आहे, एवढं कळलं तरी चाळ त्या मोजणीच्या आधीची असू शकते की नंतरचीच, हे हाती आलं. परिशिष्टात चतुःसीमाही असते. पूर्वेला अमक्याची मिळकत, पश्चिमेला गल्ली, असं. ही शेजाऱ्यांची नावं टिपून ठेवा. तुमच्या चाळीचा कागद सापडत नसेल तर शेजाऱ्याच्या दस्तात तुमचा जुना मालक 'उत्तरेला' उभा असतो. मला खेतवाडीतला सगळ्यात जुना मालक असाच मिळाला आणि त्या दिवशी झालेला आनंद अजून आठवतो.

मालकाचं नाव मिळालं की उच्च न्यायालयाचा विचार करा. मुंबई शहरात हिंदूंच्या मृत्युपत्रालाही प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र, घ्यावं लागत असे, आणि त्या अर्जाला मयताच्या मिळकतींची यादी किमतीसकट जोडलेली असते. कुटुंबात वाटणीचा दावा झाला असेल तर त्याहून जास्त मिळतं, कारण भांडणाऱ्या भावांनी कोणी कुठल्या पैशांतून काय बांधलं ते न्यायालयापुढे मांडलेलं असतं. मालक धर्मादाय न्यास असेल तर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली त्याच्या स्थावर मिळकतींची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे झालेली असते.

वयाचा झटपट अंदाज हवा असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे तुमची इमारत कुठल्या प्रवर्गात आहे ते बघा. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर लावलेल्या जुन्या, इमारतींत 'अ' म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, 'ब' म्हणजे त्यानंतर ३१ डिसेंबर १९५० पर्यंतची आणि 'क' म्हणजे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची. पण मूळच्या १९,६४२ उपकरप्राप्त इमारतींपैकी १६,५०२ एकट्या 'अ' मध्ये होत्या. म्हणजे गिरगावातल्या चाळीला 'अ' शिक्का असणं जवळपास ठरलेलंच, आणि त्यात १८७० ची आणि १९३५ ची इमारत शेजारी शेजारी बसते. 'म्हाडा म्हणते १९४०' असं चाळीच्या इतिहासात लिहिलेलं मी वाचलंय. तसं कृपा करून लिहू नका. ते वर्ष भाडेनियंत्रणासाठी आखलेली रेघ आहे, बांधकामाशी त्याचा संबंध नाही.

चाळ सरदार पटेल मार्गाला तोंड करून असेल तर तुमचं काम पुष्कळ सोपं आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्ती कापून त्याने हा रस्ता काढला. रस्त्याच्या रेषेला धरून उभी असलेली इमारत बहुधा त्यानंतरची. ट्रस्ट १९३३ मध्ये पालिकेत विलीन झाला, म्हणून त्याच्या भाडेपट्ट्याच्या भूखंडांचे कागद पालिकेच्या मालमत्ता विभागात विचारा.

आता चाळ स्वतः काय सांगते ते. जिन्याखालच्या आणि गॅलरीच्या लोखंडी तुळयांवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, रंगाचे थर खरवडून बघा. कौलांवर बासेल मिशन या मिशनरी संस्थेच्या कारखान्याचा शिक्का असेल तर ती १८६५ नंतरची, कारण मंगळूरचा तो कारखानाच तेव्हा सुरू झाला. पण कौलं दर काही वर्षांनी बदलली जातात आणि तुळई दुसऱ्या पाडलेल्या इमारतीतून आणलेली असू शकते. म्हणून या खुणा कागदाला दुजोरा म्हणून वापरा, नुसत्या त्यांच्यावर वर्ष ठरवू नका.

आणि गणेशोत्सव मंडळाचं कपाट उघडायला लावा! गिरगावात हे साधन इतकं समृद्ध आहे की त्याकडे दुर्लक्ष होतं याचं मला वाईट वाटतं. केशवजी नाईकांच्या चाळीतला उत्सव १८९३ पासूनचा. म्हणजे चाळ तेव्हा नांदती होती, याला वेगळा पुरावा लागत नाही. तुमच्या मंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका यांत खोली क्रमांकासह नावं असतात, कधी मालकाने दिलेली देणगीही असते. बिऱ्हाडकरूंकडे भाडेपावत्या, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका मागा. पावतीवर मालकाचं नाव आणि चाळीचं तेव्हाचं नाव छापलेलं असतं, आणि नाव कधी बदललं ते पावत्या तारखेने लावल्या की समजतं. थोरांच्या पायधुळीच्या गोष्टीही ऐकायला मिळतील. 'टिळक इथे बोलले होते' असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या नावासह लिहून घ्या, आणि मग त्या वर्षांची वर्तमानपत्रं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चाळा. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालय आहे, तिथे मात्र नंबर, नावं आणि अंदाजे वर्षं हाताशी असतील तेव्हाच जा. नुसतं 'गिरगाव' म्हणून मागितलंत तर तिथले कर्मचारीही काय काढून देणार?

पाडकामाची तारीख ठरली असेल तर क्रम उलटा करा. कागद पुढच्या वर्षीही मिळतील. आधी तुळया, कौलं, जिना, फरशी, दारावरच्या पाट्या यांचे फोटो काढा आणि पंचाहत्तरीपुढच्या बिऱ्हाडकरूंशी रेकॉर्डर लावून बोला. आर्किटेक्टने अस्तित्वातल्या इमारतीचा मोजमापाचा नकाशा केलेला असेल, त्याची प्रत सोसायटीच्या किंवा भाडेकरू संघाच्या नावाने लेखी मागून घ्या. चाळ रिकामी झाल्यावर ती प्रत कोणाकडून मिळवणं फार अवघड जातं.