'ॲसे' म्हणजे चाचणी का?

एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. ती औषधनिर्माणावरचा मजकूर मराठीत करते आहे. आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचं औषध. त्यातल्या 'आर्टेमिसिनिन ॲसे'चं (इंग्रजी assay) तिने 'आर्टेमिसिनिनची चाचणी' केलं आणि संपादकांनी त्यावर लाल खूण केली. चूक काय, आणि दुसरा शब्द कोणता?

संपादकांचं बरोबर आहे. हिवतापाच्या मजकुरात 'चाचणी' हा शब्द आधीच दोन जागी गुंतलेला असतो. बोटाला सुई टोचून रक्त काचपट्टीवर घेतात, ती हिवतापाची चाचणी. रुग्णांना औषध देऊन गुण येतो का ते पाहतात, ती औषधाची चाचणी. मूळ मजकुरातलं काम तिसरंच आहे. जोतिबाला आपण जो दवणा वाहतो, त्याच्याच वंशातली छिंगहाव ही चिनी वनस्पती. तिच्या वाळलेल्या पानांत आर्टेमिसिनिन किती आहे, एवढंच तिथे शोधायचं आहे. हे प्रमाण बहुधा एक टक्क्याच्या आसपासच असतं, म्हणून 'किती' या प्रश्नाला फार मोल.

आणि ते मोजणं सोपं नाही. सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन, म्हणजे जुन्या लोकांचं कोयनेल, स्वतःहून दिसतं: टॉनिक वॉटरची बाटली अतिनील दिव्याखाली धरा, आतलं पाणी निळं उजळतं. आर्टेमिसिनिन मात्र अतिनील प्रकाश जेमतेम शोषतं. म्हणून एका पद्धतीत पानांच्या अर्कावर आधी अल्कली, मग आम्ल घालून त्याचं रूप बदलतात. नवं रूप २६० नॅनोमीटरला यंत्राला नीट दिसतं. मग शेजारी माहीत असलेल्या प्रमाणाचं शुद्ध आर्टेमिसिनिन त्याच वाटेने चालवून दोन्हींची तुलना करतात.

इथे मला सराफ आठवतो. तो दागिना कसोटीच्या काळ्या दगडावर घासतो, शेजारी माहीत असलेल्या सोन्याची रेघ ओढतो आणि दोन्ही रेघा ताडून बघतो. त्यातून निघतो तो कस. इंग्रजीतला 'ॲसे'ही सोन्याचांदीच्या पारखीत जुना रुळलेला शब्द आहे. आपल्याकडे तर कस आकड्यातही मोजला जायचा. 'बावनकशी' हे त्याचंच उरलेलं रूप. हिंदी पारिभाषिक शब्दावलीत 'आमापन' आहे, पण तो वाचून कुणाच्याही डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. 'कस' मात्र शेतकऱ्यालाही कळतो, कारण जमिनीचाही कसच असतो.

आणखी एक शब्द याच घरातला: हिणकस. ज्याचा कस हीन, ते. एखाद्या गोळीत औषध आहे, पण वेष्टनावर छापलंय त्यापेक्षा कमी, तर ती गोळी हिणकस. औषध मुळीच नाही, नुसती खडूची भुकटी, तर ती बनावट. आर्टेसुनेट हे आर्टेमिसिनिनपासूनच बनवलेलं औषध; त्याच्या गोळ्यांबाबत हा फरक जिवाशी येतो. बनावट गोळी एका रंगाच्या साध्या चाचणीत सापडू शकते: औषध असेल तर द्रावण पिवळं होतं, नसेल तर होत नाही. हिणकस गोळीतही थोडं औषध असतंच, त्यामुळे पिवळा रंग तिलाही येतो. ती पकडायला मोजावंच लागतं. हिणकस गोळी मला जास्त भयंकर वाटते. अपुऱ्या मात्रेने परजीवी मरत नाहीत, आणि त्यातले चिवट तेवढे वाढत जातात.

तेव्हा 'आहे की नाही' असा प्रश्न असेल तिथे 'चाचणी' खुशाल ठेवावी. 'किती' हा प्रश्न असेल तिथे पानं आणि साल यांच्यासाठी 'कस', गोळ्यांसाठी 'मापन' मी पसंत करेन. मैत्रिणीच्या वाक्याचं मी असं करेन: 'पानांचा कस काढला, आर्टेमिसिनिन ०.८ टक्के भरलं.' यातलं 'भरलं' जपून ठेवावं. वजनाकाट्यावर मराठी माणूस हेच क्रियापद वापरतो.