मागचा पंख आणि वळणावरचा तोल

प्रश्न : शर्यतीच्या गाडीचा मागचा पंख अधिक तिरपा केल्यावर वेगवान वळणांवर गाडी बाहेर सरकते, पण संथ वळणांवर फरक का जाणवत नाही?

उत्तर : पंखामुळे मिळणारा हवेचा खाली दाबणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 100 किलोमीटरला मिळणाऱ्या जोराच्या चौपट जोर 200 ला मिळतो. संथ वळणात तो इतका क्षीण असतो की तिथला तोल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या पकडीचे संतुलन, टायर, स्प्रिंगा आणि अँटी-रोल बारच (वळणात गाडीचे कलणे रोखणारे दांडे) ठरवतात. शिवाय हा पंख बहुधा मागच्या आसाच्याही मागे असल्याने, मागची चाके दाबताना तो तरफेप्रमाणे पुढच्या चाकांवरचा भार किंचित उचलतो. परिणामी मागची पकड वाढते, पुढची घटते आणि अंडरस्टीअर होतो, म्हणजे स्टिअरिंग वळवूनही गाडी पुरेशी न वळता बाहेर सरकते.

अशा वेळी पुढच्या पंखाच्या फ्लॅपचा (पंखाच्या मागच्या कडेच्या हलवता येणाऱ्या पट्टीचा) तिरपेपणा थोडा वाढवावा. मागच्या पंखाचा तिरपेपणा घाईने कमी केल्यास भर वेगात मागची बाजू सुटण्याचा धोका असतो, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. गाडीची उंचीही तपासावी, कारण ब्रेक लावताच नाक खाली झुकते, पुढचा पंख जमिनीजवळ येतो आणि तोल पुढे सरकतो. त्यामुळे वळणात शिरताना आणि मध्यावर गाडी कशी वागते, याची नोंद चालकाने स्वतंत्रपणे द्यावी.